हवा कोंडली आणि पाणी शिरलं: एका आरसी गाडीचं पावसाळी प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक पोरगा युरियाच्या रिकाम्या पिशवीत गाडी घालून माझ्या दुकानात आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, आणि चेहरा घरातल्या कुणाला दवाखान्यात आणल्यासारखा. माझं दुकान कराडला, मोटर रिवाइंडिंगचं. विहिरीवरच्या मोटरी, बोअरच्या पाणबुड्या, अधूनमधून पिठाच्या गिरणीची. रिमोटच्या, म्हणजे आरसी गाड्या हा माझा रविवारचा नाद. गावात तो फारसा कुणाला ठाऊक नाही, पण ज्याची आरसी गाडी बिघडते त्याला तो कसा कोण जाणे बरोबर कळतो.

"काका, वॉटरप्रूफ गाडी आहे. तरी पाण्यानं मेली."

त्या गाडीची ही हकिगत. दुरुस्तीत दोन चुका निघाल्या, एक त्याची आणि एक माझी. माझी जास्त महागात पडली, म्हणून तिच्यावरच जास्त लिहिलंय.

गाडी

एकास दहा मापाची, मागच्या दोन चाकांवर चालणारी शॉर्ट कोर्स ट्रक, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर शर्यत लावायच्या ट्रकची छोटी प्रत. 550 आकाराची 12 टर्नची (वेढ्यांची) ब्रश मोटर, म्हणजे आमच्या भाषेत कार्बनवाली. दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी: नावाला 7.4 व्होल्ट, पूर्ण चार्ज झाली की 8.4. फेब्रुवारीत त्यानं ती सेकंडहँड घेतली होती.

कारखान्यातून निघाली तेव्हा ती खरोखरच पाण्याला तोंड देण्यासारखी असणार. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, अख्खा इपॉक्सीत ओतलेला होता, रिमोटचे हुकूम घेणाऱ्या रिसीव्हरसाठी फोमच्या गास्केटची डबी होती. पण पहिल्या मालकानं रेडिओ (रिमोट आणि रिसीव्हर) बदललेला, पुढची चाकं वळवणारा सर्व्होही बदललेला. दोन्ही साधे, कोरड्या ट्रॅकवरचे. शिवाय रिसीव्हर नवा, त्याची बॉडी जरा मोठी, म्हणून डबीचं झाकण नीट बसेना, तर त्यानं गास्केटच काढून टाकलं होतं. गाडीवरचा वॉटरप्रूफचा स्टिकर तेवढा जागेवर राहिला. सेकंडहँड घेणाऱ्यानं स्टिकर वाचण्याऐवजी सर्व्होवरचा नंबर वाचावा, एवढं मी त्याला तिथल्या तिथं सुनावलं. तो बिचारा हो म्हणाला.

जूनच्या पहिल्या पावसात स्टिअरिंग थरथरायला लागलं. चाकं आपोआप डावी-उजवीकडे झटके द्यायची. पाणी रिसीव्हरमध्ये गेलं असणार असं धरून त्यानं रिसीव्हरवर वाढदिवसाचा फुगा चढवला आणि तोंड केबल टायनं आवळलं. दोन दिवस बरं गेलं. मग परत थरथर. मग फुगा काढून बाथरूमच्या फटी बुजवायचं सिलिकॉन थेट रिसीव्हरच्या सर्किटवर थापलं, डबी त्याच सिलिकॉननं चिकटवली. आठवड्याभरात गाडी पार गप्प. मग आजीच्या डब्यातल्या तांदळात दोन रात्री. तांदळानं काही होत नाही. उघड्यावर पंख्याखाली ठेवली असती तर लवकर सुकली असती आणि आजीचे तांदूळही वाचले असते.

तपासणी

रिसीव्हरचा दिवा लागत नव्हता. म्हणजे रिसीव्हर गेला, असं कुणीही म्हणेल, आणि तो पोरगा नवा रिसीव्हर मागवण्याच्या बेतात होताच. मी आधी मल्टिमीटर लावला. ईएससीमधून रिसीव्हरला जी वीज मिळते, बीईसीची, ती 6 व्होल्ट असायला हवी. मिळत होते जेमतेम तीन. सर्व्होची वायर काढली. व्होल्टेज उडी मारून सहावर, रिसीव्हरचा दिवा लागला, रिमोटही जुळला.

म्हणजे दोष सर्व्होचा. सर्व्होच्या आत पाणी जाऊन त्याचं सर्किट शॉर्ट झालेलं, ते बीईसीची सगळी ताकद पिऊन टाकत होतं, आणि व्होल्टेज बसल्यामुळे रिसीव्हर उपाशी. जूनमधली थरथर तिथलीच. त्यानं दीड महिना ज्याला फुगे आणि सिलिकॉन बांधले तो रिसीव्हर निर्दोष होता.

निर्दोष होता, पण आता राहिला नव्हता. डबी कापून उघडली तर आत आंबट वास आणि पिनांच्या मुळाशी हिरवट थर. बाजारात मिळणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना अॅसिटिक आम्ल सोडतं, व्हिनेगरसारखा जो वास येतो तो त्याचाच. तांब्याला आम्ल लागलं की काय होतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको: कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. रिसीव्हर तसाच कळकला होता. भोवती डबी बंद, त्यामुळे ते आम्ल बाहेर जायलाही वाट नाही. नळीवर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं सिलिकॉन घेतलं असतं तर हा त्रास नव्हता. ते थोडं महाग असतं आणि त्याला तो आंबट वास येत नाही.

टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं घासून रिसीव्हर वाचला. सर्व्हो वाचला नाही.

बाकीचं पटकन सांगतो. ईएससीला काही झालं नव्हतं, फक्त त्याच्या चालू-बंद स्विचमध्ये चिखल भरला होता. मोटरचे कार्बन झिजलेले पण चालण्याजोगे. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गंजून फिरताना गुरगुरत होतं. डिफरन्शियल कोरडं ठणठणीत होतं, ते मी परत बंद केलं.

माझी पहिली दुरुस्ती

नवा सर्व्हो वॉटरप्रूफ घ्यावा असं मी म्हटलं, पण त्याच्या खिशाला ते झेपेना. मग त्याच्याकडे पडून असलेला दुसरा साधा सर्व्होच बंदिस्त करायचं ठरलं. काम मी झोकात केलं. सर्व्होच्या तिन्ही तुकड्यांच्या सांध्यांत न्यूट्रल सिलिकॉन, वरच्या दांड्याला हॉर्नखाली, म्हणजे चाकं ओढणाऱ्या पात्याखाली, ओ-रिंग आणि ग्रीस, वायर जिथून बाहेर येते तिथं सिलिकॉनचा थेंब. रिसीव्हरच्या डबीला नवं फोम गास्केट कापून बसवलं, वायरी बाहेर पडतात त्या खाचेत सिलिकॉन ग्रीस भरलं, झाकणाचे स्क्रू चौफेर सारखे आवळले. दुकानातल्या घमेल्यात पाणी भरून सर्व्हो आणि डबी पंधरा मिनिटं बुडवून ठेवली. एक बुडबुडा नाही. उघडून पाहिलं, आत टिपकागद कोरडा.

डबाबंद रेडिओची ही कल्पना जुनीच आहे. तामियानं 1979 साली रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या बग्ग्या काढल्या तेव्हाच त्यांत रेडिओचं सामान एका बंद पारदर्शक पेटीत ठेवलं होतं. त्यामुळे मला माझ्या कामाबद्दल जरासुद्धा शंका नव्हती. पोराला म्हटलं, ने आता, कोयनेत बुडव.

तिसऱ्या रविवारी तो परत आला. तीच थरथर.

सर्व्हो उघडला तर तळाशी पाव चमचा गढूळ पाणी. रिसीव्हरच्या डबीत झाकणाच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब. सांधे सगळे शाबूत. परत घमेल्यात बुडवलं, परत बुडबुडा नाही. त्यानं गाडी कुठं खोल पाण्यात घातली होती का? नाही. पाणंदीतल्या डबक्यांत, चार बोटं पाणी, फार तर वीत. माझ्या घमेल्यात याहून जास्त पाणी होतं.

दोन दिवस तो सर्व्हो टेबलावर तसाच पडला होता. तिसऱ्या दिवशी उंडाळ्याकडच्या एका शेतकऱ्याची पाणबुडी मोटर रिवाइंड करून द्यायची होती. बोअरच्या बऱ्याचशा मोटरी पाण्यानं भरलेल्या असतात, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. खाली सोडण्याआधी आम्ही मोटरीत स्वच्छ पाणी स्वतः ओतून भरतो. हवेचा बुडबुडा राहता कामा नये म्हणून ती हलवून, थोडं थांबून परत भरतो. आतली तार प्लॅस्टिकच्या वेष्टणाची असते, पाण्यात बुडूनच ती वर्षानुवर्षं चालते. तळाला एक रबरी पडदा असतो, गरम झाल्यावर आतलं पाणी फुगतं त्याला जागा मिळावी म्हणून. पंचवीस वर्षं हे हातानं करतोय. त्या दिवशी पाणी ओतताना मला तो टेबलावरचा सर्व्हो दिसला आणि माझी मलाच लाज वाटली.

घमेल्यातली चाचणी थंड सर्व्होवर झाली होती. चिखलात गाडी वळवताना सर्व्हो तापतो, चांगलाच. रिसीव्हरची डबी ईएससीच्या शेजारी, तीही तापते. आत कोंडलेली हवाही तापते, फुगते, आणि थोडीशी सांध्यांतून बाहेर निसटते. मग ती गरम डबी डबक्यातल्या गार पाण्यात पडते. आतली हवा आकसते आणि बाहेरून जे मिळेल ते आत ओढते. बाहेर त्या वेळी पाणी असतं.

आकडा काढून पाहिला. हवा 50 अंशांवरून 25 वर आली की तिचा दाब पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरतो. कराडच्या उंचीवरच्या हवेच्या दाबात तेवढी उतार म्हणजे सुमारे पाऊण मीटर पाण्याच्या स्तंभाएवढी ओढ. अडीच फूट! वीतभर डबक्यातली गाडी, पण तिच्या सांध्यांना वाटतं आपण विहिरीच्या दुसऱ्या पायरीवर उभ्या आहोत.

खात्री करायला सोपं होतं. सर्व्होच्या सांध्यांना मी हात लावला नाही, फक्त तो कोरडा केला, बायकोचा हेअर ड्रायर आणून अंग चांगलं चटका बसेल इतकं तापवलं आणि थेट माठाच्या पाण्यात टाकला. दहा मिनिटांनी उघडला. टिपकागद ओला. ड्रायरला लागलेल्या काळ्या बोटांवरून घरी जे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

पुढं कळलं की मानकं लिहिणाऱ्यांना हे आधीपासून पक्कं ठाऊक आहे. धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा म्हणून आयपी 67 म्हणतात, त्यातला 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ही चाचणी ज्या मानकात आहे, आपल्याकडे आयएस/आयईसी 60529, त्यात अट आहे की पाण्याच्या आणि वस्तूच्या तापमानात 5 अंशांहून जास्त फरक नसावा. म्हणजे खोक्यावर आयपी 67 छापलेला सर्व्होसुद्धा गरम असताना गार डबक्यात पडला तर ती परीक्षा त्यानं दिलेलीच नाही. आणि उभ्या पाण्यात बुडवणं वेगळं, जोराच्या धारेचा मारा वेगळा. त्याचे आकडे 5 आणि 6 असे निराळे आहेत.

दुसरी दुरुस्ती

आता उलटं करायचं ठरलं. पाणी आत येणार, हे धरून चालायचं. आल्यावर त्याला करायला काही उरू नये, आणि परत जायला वाट असावी.

वाइंडिंगला आम्ही वार्निश पाजतो, तसं सर्किटला वार्निश. त्याला कन्फॉर्मल कोटिंग म्हणतात. अॅक्रिलिक, सिलिकॉन, युरेथेन असे प्रकार मिळतात. मी अॅक्रिलिक घेतलं, कारण चुकलं तर ते विरघळवून काढता येतं आणि त्यावरून सोल्डरही करता येतं. आधी रिसीव्हर धुतला. हे महत्त्वाचं, कारण कोटिंगखाली मिठाचा किंवा चिखलाचा अंश राहिला तर गंज वार्निशखाली आरामात वाढतो आणि वरून दिसतही नाही. मग पंख्याखाली एक रात्र. पिनांवर आणि बाइंडच्या (रिमोट जुळवायच्या) बटणावर कागदी टेप लावली, कारण तिथं कोटिंग गेलं की वायर लावूनही संपर्क होत नाही आणि बटण कायमचं मुकं होतं. ब्रशनं दोन पातळ हात दिले, मध्ये तासभर अंतर. एकच जाड हात द्यायचा मोह होतो. त्यात बुडबुडे राहतात आणि कडेला, जिथं खरी गरज, तिथं थर पातळच राहतो.

कुठं सुटलंय का ते पाहायला शेजारच्या किराणावाल्याकडून नोटा तपासायचा निळा दिवा आणला. बऱ्याच कोटिंगमध्ये त्या उजेडात चमकणारा रंग मिसळलेला असतो. बोर्ड सगळा निळा उजळला आणि एका चिपच्या पायांशी काळी भेग दिसली. तिथं परत ब्रश फिरवला. किराणावाला म्हणाला, "ही नोट खरी आहे का?"

पिनांना टेप काढल्यावर डायलेक्ट्रिक ग्रीस. ते वीज वाहत नाही, पण वायर दाबून बसवली की धातूला धातू भिडतो आणि भोवती ग्रीस राहतं.

डबीचं गास्केट ठेवलं, ते चिखल अडवायला लागतंच. पण डबीच्या तळाला, मागच्या बाजूला, तीन मिलिमीटरची दोन भोकं पाडली आणि आतून चहाच्या जुन्या गाळणीची जाळी चिकटवली. पोरगा बघतच राहिला. वॉटरप्रूफ करायला दिलेल्या डबीला भोकं पाडणारा मेकॅनिक त्यानं पहिल्यांदा पाहिला असावा. मी म्हटलं, कुंडीला भोक नसेल तर तुळस मरते ना, तसंच हे.

अँटेनाची वायर डबीतून वर, उभ्या नळीत घेतली. 2.4 गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरला अँटेनाच्या टोकाचा तीन सेंटीमीटरचा उघडा भागच काय तो ऐकू येतो, आणि त्या लहरी पाण्यात फार लवकर विरतात. अँटेना बुडली की गाडी बहिरी. म्हणून फेलसेफ तपासला: रिमोट बंद केला की मोटर थांबली पाहिजे. त्याच्या रिमोटवर तो शेवटच्या वेगाला अडकून राहील असा सेट होता. ओढ्याकाठी हे कळलं असतं तर गाडी शोधायला गळ टाकावा लागला असता.

सर्व्हो जास्त नाजूक काम. चार लांब स्क्रू काढले, तळाचं झाकण उघडलं, बोर्डाला कोटिंग दिलं. मोटरचं डबडं तसंच सोडलं. गिअरच्या कप्प्यात पांढरं सिलिकॉन ग्रीस भरलं, जेणेकरून तिथं हवा कमी राहील. आकसायला हवाच नसेल तर ओढ कुठून येणार? पेट्रोलियमचं साधं ग्रीस वापरलं नाही, कारण त्यानं काही रबरं फुगतात आणि ओ-रिंग वाया जाते. राहिला पोटेन्शियोमीटर. चाक किती वळलंय हे सर्व्होला सांगणारा तो छोटा फिरता रेझिस्टर. त्याच्या पट्टीवर कोटिंग देता येत नाही, दिलं तर तो आंधळा होतो. त्याच्या दांड्याभोवती ग्रीसचा बांध घातला आणि देवाचं नाव घेतलं.

स्विच काढून टाकला. दोन वायरी सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आकसणारी नळी, चढवली. आता बॅटरी जोडली की गाडी चालू, काढली की बंद. स्विच ही गाडीतली सगळ्यात फालतू आणि सगळ्यात आधी मरणारी वस्तू आहे, असं माझं ठाम मत आहे.

मोटरला मी काहीच केलं नाही, याचं त्याला जास्त आश्चर्य. कार्बनवाली मोटर पाण्यात चालते. तारेवर इनॅमल असतं, आठ व्होल्टला गढूळ पाण्यातून जी गळती होते ती मोटर जो करंट ओढते त्यापुढं नगण्य. मारतो तो चिखल. बारीक वाळू कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल) आणि कार्बनच्या मध्ये गेली की सहाणेवर चंदन उगाळल्यासारखा कार्बन संपतो. ब्रशलेस, म्हणजे बिनकार्बनच्या, मोटरीत तेही नाही, फक्त सेन्सरवाली असेल तर तिच्या आतल्या छोट्या बोर्डाला पाणी चालत नाही.

चिखल आणि चिखल

परत ड्रायर, परत माठ. या वेळी सर्व्हो चालू ठेवूनच बुडवला आणि वीस मिनिटं चाकं फिरवत राहिलो. मग ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी स्वतः बरोबर गेलो.

आमच्याकडे कृष्णाकाठी काळी माती. बेसॉल्टपासून झालेली, पाणी प्यायली की फुगते आणि कशालाही सोडत नाही. चप्पल घालून या मातीतून चाललेल्या माणसाला वेगळं सांगायला नको, दहा पावलांत माणूस दोन इंच उंच होतो. गाडीचंही तेच झालं. पहिल्या पाच मिनिटांत चारही टायरांची नक्षी भरून गुळगुळीत लाडू झाले, चाकाच्या कमानीत गोळे अडकले. रेडिओ ठणठणीत, सर्व्हो ठणठणीत, पण मोटरला हात लावला तर चटका. इन्फ्रारेड थर्मामीटरनं 96 अंश दाखवले. कार्बनवाल्या मोटरीला मी 80 च्या पुढं जाऊ देत नाही.

पाणी अडवण्याच्या नादात हे विसरलं जातं. चिखलात गाडी जड होते, चाकं ओढली जात नाहीत, मोटर हळू फिरते आणि जास्त करंट ओढते. उपाय गिअरचा: पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर, दोन दातांनी लहान केला. पळायला गाडी मंद झाली, पोराचा चेहरा पडला, पण पुढच्या खेपेला मोटर 74 वर राहिली. शिवाय स्पर गिअरवरचं, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरवरचं, झाकण पहिल्या मालकानं फेकलं होतं. ते नवं मागवलं. त्याशिवाय एक बारीक खडा स्परचे दात मिनिटात साफ करतो.

पंधरा दिवसांनी तो मित्रांबरोबर महाबळेश्वरच्या बाजूला गेला. तिकडं जांभा आणि लाल माती. तो चिखल चिकटत नाही, पाण्याबरोबर वाहून जातो, बघायला सौम्य. पण त्यात लोह-अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचे कण असतात, आणि ते खरखरीत. काळ्या मातीनं मोटर तापवली होती, लाल मातीनं बेअरिंगं खाल्ली. चाकांतली चारही बेअरिंगं, 5 बाय 11 बाय 4 मिलिमीटरची, पत्र्याच्या झाकणाची होती. पत्र्याची कड आतल्या रिंगला टेकत नाही, केसाएवढी फट असते, आणि लाल माती केसाहून बारीक. त्या जागी रबरी सीलची बसवली. ती थोडी जड फिरतात, शर्यतवाले नाक मुरडतात. चिखलात शर्यत कोण लावतंय?

टायरांचा एक घोळ राहिला होता. टायरच्या आत फोमची गादी असते आणि रिमला हवा जायला भोक. त्या भोकातून पाणी आत जातं, फोम ते पितो, आणि चाक असं काही डुगडुगतं की गाडी सरळ धावेना. रिमची भोकं बुजवली आणि टायरच्या माथ्यावर, समोरासमोर, दोन-दोन बारीक भोकं पाडली. आता चाक फिरलं की पाणी आपोआप बाहेर फेकलं जातं. हेही तेच, वाट द्यायची.

धुण्याबद्दल आमचं भांडण झालं. त्याच्या ओळखीचं सर्व्हिसिंग सेंटर आहे, तिथं तो जेटनं गाडी एका मिनिटात चकाचक करून आणायचा. जेटची धार जे सील डबक्यात तासभर टिकतं ते एका सेकंदात ओलांडते, आणि पाण्याबरोबर वाळूही आत नेते. आता नियम असा की बॅटरी काढायची, बादलीतल्या साध्या पाण्यानं, जुन्या दाढीच्या ब्रशनं, वरून खाली. काळी माती असेल तर जागेवरच, ओली असताना, कारण वाळली की ती विटेसारखी होते. नंतर मोटर कमी वेगात मिनिटभर फिरवून पाणी उडवायचं, बुशात मशीन ऑइलचा एक-एक थेंब, कॉम्युटेटरवर अजिबात नाही, आणि डबीचं झाकण उघडून गाडी रात्रभर पंख्याखाली. झाकण उघडायला तो कंटाळा करतो. भोकं आहेत ना, म्हणतो. भोकांतून पाणी जातं, दमट हवा तितकी सहज जात नाही.

लिपोची बॅटरी मी आधी विचारात घेतली नव्हती. तिचं प्लॅस्टिकचं कठीण खोकं बाहेरून धडधाकट दिसतं, पण टोकांच्या सॉकेटमध्ये पाणी राहिलं तर दोन ध्रुवांमध्ये तांबं विरघळायला लागतं. धन टोक आधी हिरवं पडतं. प्रत्येक वेळी फुंकर मारून, पुसून, ग्रीसचं बोट फिरवायचं, आणि खोकं जरा जरी फुगलेलं दिसलं तरी ती बॅटरी चार्जिंगला लावायची नाही.

गुहागरला न्यायची परवानगी त्याला मी दिलेली नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात 35 ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. कोटिंग तग धरेल, पण स्क्रू, बेअरिंग, मोटरचं डबडं, कनेक्टर यांना एक दुपार पुरे. तो परवानगी मागायला येतो हेच विशेष.

आजची स्थिती

ऑगस्ट ते ऑक्टोबर गाडी बावीस वेळा पाण्यात-चिखलात गेली. त्यानं वहीत टाचून ठेवलंय. स्टिअरिंग एकदाही थरथरलं नाही. दसऱ्याच्या आधी डबी उघडली तेव्हा तळाला कोरड्या गाळाची रेघ होती, म्हणजे पाणी आलं होतं आणि गेलं होतं. निळ्या दिव्याखाली एका कोपऱ्यात कोटिंग खरवडलेलं दिसलं, वायर घासून. तिथं ब्रश फिरवला, वायरीला टाय मारला. कार्बन एकदा बदलले, ते कोरड्यातही बदलावे लागलेच असते, फक्त दिवाळीनंतर.

सर्व्हो मात्र सुटलेला नाही. नोव्हेंबरात गाडी उभी असताना पुढची चाकं मध्यावर बारीक कापायला लागली. रिमोटला हात न लावता. उघडला तर बोर्ड स्वच्छ, ग्रीस जागेवर, पाणी नाही. पोटेन्शियोमीटरच्या पट्टीवर मध्यभागी, जिथं काटा सगळ्यात जास्त वेळ उभा असतो, तिथं झिजेचा चट्टा. ग्रीसच्या बांधातून बारीक माती कधीतरी आत गेलेली दिसते. स्पिरिटनं पुसल्यावर आठवडाभर शांत राहिला, आता परत कापतोय. तसला सुटा पोटेन्शियोमीटर मी बाजारात शोधतोय, आणि पोरगा म्हणतोय की काका, या वेळी खरंच वॉटरप्रूफ सर्व्हो घेऊ, पैसे जमलेत. घेऊ. पण तो आला की आधी ड्रायर आणि माठ.